दायाचा गिरिदुर्ग आणि मुंबईची मोहीम

संयुक्त अरब अमिरातींपैकी रास अल खैमा या उत्तरेकडील अमिरातीत, रम्स गावाजवळच्या एका सुट्या टेकडीवर असलेला दाया हा त्या देशात टिकून राहिलेला एकमेव गिरिदुर्ग मानला जातो. एका अंगाला हजर पर्वताची उघडीबोडकी रांग आणि दुसऱ्या अंगाला खजुरीच्या बागा व त्यांपलीकडे खाडी असल्याने गाव, शेती आणि जलमार्ग या तिन्हींवर माथ्यावरून नजर राही. आज 239 पायऱ्या चढून गेल्यावर दोन बुरूज आणि टेकडीच्या कडेने वळत जाऊन त्यांना जोडणारी तटबंदी दिसते. हे बांधकाम कच्च्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचे असून अलीकडच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला आहे.

या किनाऱ्यावर सत्ता असलेल्या कासिमी या दर्यावर्दी घराण्यावर ईस्ट इंडिया कंपनीने चाचेगिरीचा आरोप ठेवला होता. आंग्र्यांच्या आरमारालाही इंग्रजांनी तोच दोष लावला होता, आणि कासिमींवरील आरोपाचे सविस्तर खंडन शारजाचे शासक सुलतान अल कासिमी यांनी 1986 च्या आपल्या ग्रंथात केले आहे. कासिमींविरुद्ध नोव्हेंबर 1819 मध्ये मुंबईहून निघालेल्या मोहिमेचा सेनापती सर विल्यम ग्रँट कीर याने त्याच वर्षी फेब्रुवारीत सावंतवाडी संस्थानातील रेडीचा यशवंतगड आणि मार्चमध्ये कच्छमधील भूज घेतले होते. त्याच्या फौजेत गोऱ्या सैनिकांबरोबर मुंबई इलाख्यातील देशी पायदळाचे शिपाईही होते.

9 डिसेंबरला रास अल खैमा पडल्यावर रम्सचे शेख हुसेन बिन अली यांच्या लोकांनी दायाच्या माथ्याचा आश्रय घेतला. 398 पुरुष आणि सुमारे 400 स्त्रिया व मुले पाण्यावाचून आणि सावलीवाचून तेथे तग धरून राहिली. हलक्या तोफांनी तट ढळेना, तेव्हा ‘लिव्हरपूल’ या युद्धनौकेवरील दोन चोवीस पौंडी तोफा, म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या अवजड तोफा, खलाशांनी दलदलीतून ओढत आणल्या. 22 डिसेंबरच्या सकाळी त्यांचा मारा सुरू झाल्यावर दोनएक तासांतच शरणागतीचे निशाण चढले.

सह्याद्रीतील दुर्गांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असत, म्हणून तेथील शिबंदी महिनोन्‌महिने वेढा सोसू शके. दायाला ते बळ नव्हते, आणि मातीचा तट नाविक तोफांपुढे टिकणारा नव्हता. जानेवारी 1820 मध्ये झालेल्या सागरी तहाने या किनाऱ्यावर इंग्रजी वर्चस्वाचा पाया घातला गेला आणि ते 1971 पर्यंत टिकले. यशवंतगड आणि दाया हे एकाच वर्षी एकाच सेनापतीने घेतलेले किल्ले असल्याने, मुंबई इलाख्याच्या लष्करी इतिहासात त्यांचा अभ्यास एकत्रच व्हायला हवा.