बंद झालेल्या बनावटीचे रिव्हॉल्व्हर : ऑनलाइन लिलाव आणि परवान्याची वाट

बेळगाव शहराच्या पश्चिमेस, राकसकोप जलाशयाच्या परिसरात बेळगुंदी हे मराठी वस्तीचे गाव आहे. भात आणि रताळ्यांची शेती, थोड्या अंतरावर सुरू होणारे रान आणि पिकांत घुसणारी रानडुकरे यांमुळे या पट्ट्यात परवान्याची बंदूक ही अपरिचित वस्तू नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने सैन्यात नोकरी केलेली माणसेही गावोगाव आढळतात. अशा प्रदेशात एखाद्या जुन्या घरातील ट्रंकेतून आजोबांच्या काळातील विलायती रिव्हॉल्व्हर निघणे अशक्य नाही. ते हाती आले की नातवंडे मोबाइलवर त्याच्या बनावटीचे नाव शोधतात आणि परदेशी लिलावांच्या संकेतस्थळांवर तशाच शस्त्राला लागलेली बोली पाहून चकित होतात. काहींना ते विकावेसे वाटते, तर काहींना तसलेच दुसरे घ्यावेसे वाटते. या दोन्ही इच्छांच्या वाटेत भारतीय कायदा उभा आहे. त्याची नीट ओळख नसल्यास हौसेपोटी सुरू झालेला शोध थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकतो.

जुन्या बनावटीचे आकर्षण

भारतात जुन्या विदेशी हातशस्त्रांना मोल येण्याचे मुख्य कारण त्यांच्या दुर्मीळतेत आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य नागरिकांना विदेशातून पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर आयात करण्यास मनाई आहे. नामवंत नेमबाजांना सवलत मिळते. परदेशातील वास्तव्य संपवून कायमचे परतणाऱ्यांना, ते शस्त्र तेथे किमान वर्षभर त्यांच्या वापरात असल्यास, एक शस्त्र शुल्क भरून आणता येते, मात्र त्याच्या विक्रीवर बंधन असते. परिणामी देशात कायदेशीरपणे फिरणाऱ्या विदेशी हातशस्त्रांचा साठा जवळजवळ गोठलेला आहे. तीच शस्त्रे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेली काही शस्त्रे पात्र व्यक्तींना विकली गेली. त्यांच्या खरेदीदारांत लोकप्रतिनिधींचाही समावेश होता. परंतु ती वाट सामान्य माणसासाठी नव्हती.

या साठ्यातील सर्वांत परिचित नाव म्हणजे वेब्ली अँड स्कॉट. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचे रिव्हॉल्व्हर १८८७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारले आणि दोन्ही महायुद्धांत ते वापरले गेले. त्याची रचना ओळखू येण्याजोगी आहे. वरची खीळ दाबताच शस्त्र मधोमध वाकते, चक्र उघडे पडते आणि रिकामी काडतुसे एकदम बाहेर फेकली जातात. कंपनीने १९७९च्या सुमारास बंदुकांचे उत्पादन थांबवले. स्पेनमधील अ‍ॅस्ट्रा आणि स्टार हे हातशस्त्रांचे कारखानेही विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडले. त्यांची शस्त्रे आजही भारतीय परवान्यांवर नोंदलेली दिसतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. सैन्यात प्रसिद्धी पावलेले वेब्ली ०.४५५ आणि ०.३८ बोअरचे होते. हे दोन्ही बोअर, तसेच ९ मिलिमीटर पिस्तूल, भारतात ‘निषिद्ध बोअर’मध्ये मोडतात. त्यांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे आणि तो अपवादानेच वापरला जातो. नागरिकाच्या आवाक्यात येते ते ०.३२ बोअरचे वेब्ली. दिसण्यात दोन्ही सख्ख्या भावंडांसारखी असली तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. जुने शस्त्र हाती आल्यावर पहिला प्रश्न बनावटीचा नसून बोअरचा असतो, तो यामुळेच.

परदेशातील ऑनलाइन लिलाव

अमेरिकेत बंद झालेल्या बनावटीचे पिस्तूल शोधण्याची रीत सरळ आहे. १९९९ साली ईबेने बंदुकांची विक्री बंद केली. त्याच वर्षी गनब्रोकर हे केवळ शस्त्रांसाठीचे लिलाव संकेतस्थळ सुरू झाले. इच्छुक तेथे बनावट, बोअर आणि उत्पादनाचा काळ नोंदवून ठेवतो, हवी ती वस्तू विक्रीस येईपर्यंत कधी महिनोन्‌महिने वाट पाहतो, छायाचित्रांवरून नळी, मूठ आणि शिक्के पारखतो आणि बोली लावतो. मात्र तेथेही बोली जिंकली म्हणजे पिस्तूल घरपोच येत नाही. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातून घेतलेले हातशस्त्र खरेदीदाराच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडेच पाठवावे लागते. तो विक्रेता खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासून शस्त्र हवाली करतो. ५० वर्षांहून जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांसाठी वेगळा परवाना आहे, तर १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे पुरातन मानली जातात.

ब्रिटनमध्ये चित्र उलटे आहे. डनब्लेन येथील १९९६च्या शालेय हत्याकांडानंतर १९९७ साली तेथे नागरिकांच्या हातशस्त्रांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. ज्या देशात वेब्ली घडले, तेथेच ते चालू स्थितीत घरी ठेवणे सामान्य नागरिकाला दुरापास्त झाले. त्यामुळे इंग्लंडमधील लिलावगृहांत मुख्यतः पुरातन किंवा कायमची निकामी केलेली शस्त्रे दिसतात.

मराठी मुलखाला परिचित असलेला लिलाव

विलायती लिलावातून शस्त्र परत आणणे म्हणजे काय, हे मराठी वाचकांनी २०२५ साली पाहिले. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजीराजे भोसले यांची तलवार लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीस निघाल्याचे वृत्त लिलावाच्या तोंडावर पोहोचले. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून २९ एप्रिल २०२५ रोजी ती मिळवली. वाहतूक, विमा आदी खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये लागले. १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईत दाखल झाली. राज्य शासनाच्या पातळीवरही बोली जिंकणे आणि वस्तू हातात येणे यांत साडेतीन महिन्यांहून अधिक काळ गेला. ती तर तलवार होती. गोळी झाडू शकणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत सामान्य भारतीय नागरिकाला परदेशी संकेतस्थळावरील बोली जिंकूनही काही उपयोग नाही, कारण ती वस्तू कायदेशीरपणे देशात येऊच शकत नाही. परदेशी लिलावांची पाने येथील वाचकासाठी केवळ माहितीचे साधन आहेत. बनावट ओळखणे, उत्पादनाचा काळ ठरवणे, शिक्क्यांचा अर्थ लावणे इतकाच त्यांचा उपयोग होतो. तेथील किंमत येथे लागू होत नाही.

भारतातील रीतसर वाट

शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार येथे क्रम उलटा आहे. आधी परवाना, मग शस्त्र. २१ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकास अर्ज करता येतो. अर्जासोबत शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे आणि वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र लागते. पोलिस चौकशीचा अहवाल आल्यावर परवाना अधिकारी निर्णय घेतो. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, तर संरक्षण वा खेळासाठी लांब नळीची साधी बंदूक मागणाऱ्यास कायदा तुलनेने मोकळा आहे. रिव्हॉल्व्हर वा पिस्तुलासाठी मात्र ‘सबळ कारण’ आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. रानडुकरांचा उपद्रव हे बंदुकीचे कारण ठरू शकते. रिव्हॉल्व्हरच्या अर्जात ते टिकणे कठीण.

सीमाभागात आणखी एक गुंतागुंत आहे. बेळगुंदीच्या रहिवाशाचा परवाना कर्नाटकातील अधिकारी देतात. पलीकडच्या चंदगड तालुक्यातील शेतकऱ्याचा अर्ज कोल्हापूरला जातो आणि डोंगर उतरून गोव्यात आले की तिसऱ्या राज्याचे प्रशासन सुरू होते. तिन्हीकडे कायदा एकच असला तरी परवान्याची वैधता ज्या क्षेत्रापुरती नोंदलेली असते, त्याबाहेर शस्त्र नेणे हा गुन्हा ठरू शकतो. लग्नाला किंवा जत्रेला जाताना हा भेद विसरला जातो आणि तपासणी नाक्यावर आठवतो.

परवाना मिळाल्यावर जुने रिव्हॉल्व्हर दोन मार्गांनी घेता येते. पहिला मार्ग परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचा. वारसांनी जमा केलेली, वृद्ध परवानाधारकांनी विकावयास ठेवलेली शस्त्रे अशा दुकानांत असतात. बंद झालेल्या बनावटीच्या शोधासाठी हीच खरी ठिकाणे होत. संकेतस्थळ धुंडाळण्यापेक्षा चार शहरांतील विक्रेत्यांना आपली गरज सांगून ठेवणे अधिक फलदायी ठरते. दुसरा मार्ग थेट परवानाधारकाकडून घेण्याचा. कायद्याच्या कलम ५ नुसार विक्री करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी पूर्वसूचना द्यावी लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. ही मुदत वगळून केलेला व्यवहार, दोघांकडे परवाने असले तरी, बेकायदा ठरतो. खरेदीनंतर शस्त्राचा क्रमांक, बनावट आणि बोअर यांची परवान्यावर नोंद करून घेतल्याखेरीज व्यवहार पूर्ण होत नाही.

शस्त्र पाहताना सर्वप्रथम त्यावरील क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यातील क्रमांकाशी अंक अन् अंक ताडून पाहावा. क्रमांक घासलेला, खोडलेला किंवा नव्याने कोरलेला असल्यास ते शस्त्र हातीही धरू नये, कारण ओळखचिन्ह नष्ट करणे किंवा बदलणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. त्यानंतर चाचणीचे शिक्के, नळीची आतील झीज आणि चक्राची पकड जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावी. बंद झालेल्या बनावटीचे सुटे भाग मिळत नाहीत. तुटलेली स्प्रिंग किंवा झिजलेली खीळ संपूर्ण शस्त्र निरुपयोगी करू शकते.

वारशाने आलेले शस्त्र

सीमाभागातील बहुतेक कुटुंबांशी संबंध येतो तो या प्रश्नाचा. परवाना व्यक्तीच्या नावे असतो. तो तिच्यासोबत संपतो, शस्त्राप्रमाणे वारशाने येत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी शस्त्र विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते. त्यानंतर वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो किंवा ते रीतसर विकता येते. परवानाधारक ७० वर्षांचा झाल्यावर किंवा त्याने २५ वर्षे शस्त्र बाळगल्यावर, त्याच्या हयातीतच ते वारसाकडे देण्याची सोयही नियमांत आहे. ज्यांच्या घरी वृद्ध परवानाधारक आहेत, त्यांच्यासाठी हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली असून वारशाची शस्त्रेही त्या मर्यादेत मोजली जातात.

जमा न करता ट्रंकेत राहिलेले शस्त्र मात्र, ते कोणीही वापरले नसले तरी, विनापरवाना बाळगल्याचा गुन्हा घडवते. त्यासाठी किमान दोन ते कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. निषिद्ध बोअर असल्यास शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. ‘आजोबांनी लढाईवरून आणले’ ही आठवण कितीही अभिमानाची असली तरी पुरावा म्हणून चालत नाही. सैनिकाला दिलेले शस्त्र ही सरकारची मालमत्ता असते, त्याची वैयक्तिक मालमत्ता नसते.

कायमचे निकामी आणि दुरुस्तीनेही चालू न होणारे कालबाह्य वा पुरातन शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार बंधनातून वगळलेले आहे. परंतु ते निकामी आहे, हे मालकाने ठरवायचे नसते. गंजलेल्या चक्राकडे पाहून स्वतःच निष्कर्ष काढण्याऐवजी सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी खात्री घेणे श्रेयस्कर. शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वा ऐतिहासिक वस्तू असल्यास १९७२चा पुरावशेष कायदाही लागू होतो आणि ती खासगीरीत्या परदेशी लिलावात पाठवता येत नाही.

पडद्यावरचे सापळे

समाजमाध्यमांवर ‘परवान्याविना विलायती पिस्तूल’, ‘घरपोच सेवा’ अशा जाहिराती दिसतात. छायाचित्रे बहुधा परदेशी लिलावांच्या पानांवरून उचललेली असतात. आगाऊ रक्कम पाठवली की विक्रेता नाहीसा होतो आणि फसवला गेलेला ग्राहक तक्रार करायला कचरतो, कारण बेकायदा खरेदीचा प्रयत्न त्यानेही केलेला असतो. एखाद्या वेळी शस्त्र खरोखर हाती आले तर संकट अधिक मोठे, कारण ते चोरीचे, गुन्ह्यात वापरलेले किंवा गावठी कारखान्यात विलायती शिक्का मारून बनवलेले असू शकते. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर करता येते.

नवा पर्याय

जुन्या नावाची ओढ असणाऱ्यांसाठी काळाने एक वळण घेतले आहे. वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात, संडीला येथे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले असून २०२० साली ते बाजारात आले. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ आणि २०२३ साली आलेले ‘प्रबल’ हेही त्याच बोअरचे आहेत. त्यांना सुटे भाग मिळतात, कागदपत्रे निर्विवाद असतात आणि क्रमांकाचा इतिहास कारखान्यापासून सुरू होतो. संग्राहकाला जुन्या मुठीवरची झिलई प्रिय असते, हे खरे. मात्र भारतात रिव्हॉल्व्हरचे मोल त्याच्या पोलादापेक्षा त्याच्यासोबतच्या कागदावर अधिक ठरते. बेळगुंदीच्या एखाद्या माळ्यावरील ट्रंक उघडली गेलीच, तर त्यात आधी शोधायला हवा तो आजोबांचा परवाना. तो सापडो वा न सापडो, पुढचे पाऊल वकिलाचा सल्ला घेऊन पोलिस ठाण्याच्या दिशेने पडले पाहिजे, लिलावाच्या संकेतस्थळाकडे नव्हे.