पहिल्याच दिवशीची हुर्यो

१७ एप्रिल १९९९, न्यूयॉर्क. अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडायचा दिवस. आदल्या हंगामात १६ पैकी फक्त ३ सामने जिंकलेल्या फिलाडेल्फिया ईगल्सचा नंबर दुसरा. त्यांनी क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबला निवडलं आणि ईगल्सच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली! त्यांना चेंडू घेऊन धावणारा रिकी विल्यम्स हवा होता.

मी तेव्हा दोन वर्षांचा असेन. ती क्लिप मात्र फोनवर कितीदा तरी पाहिलीय.

गंमत म्हणजे चाहते अगदीच मूर्ख नव्हते. त्या ड्राफ्टमधले पहिले तिन्ही खेळाडू क्वार्टरबॅक होते. त्यातले टिम काउच आणि अकिली स्मिथ काही वर्षांतच मागे पडले. मॅकनॅब टिकला. त्याने ११ हंगामांत ईगल्सला पाच वेळा कॉन्फरन्स फायनलपर्यंत नेलं, एकदा सुपर बोलपर्यंतही. तो सामना मात्र ते २४-२१ असे हरले. २०१३ मध्ये क्लबने त्याची ५ नंबरची जर्सी निवृत्त केली.

आज मागे वळून बघताना चाहते म्हणतात, 'हुर्यो निर्णयाची होती, त्याची नव्हे.' असेलही. पण स्टेजवर २२ वर्षांचा पोरगा उभा होता, आणि ती त्यानेच ऐकली.

अंदाज चुकला तर लोक विसरतात. मीही नव्याने टीममध्ये आलेल्यांबद्दल पहिल्याच आठवड्यात मत बनवून टाकतो. हल्ली ते निदान तोंडावर दिसू देत नाही.