क्ष-किरणचित्रांची किल्ली

वुर्झबर्ग येथील विद्यापीठांत ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञास क्ष-किरणांचा शोध लागला. पेटंट घेऊन या शोधावर अपार संपत्ति मिळविणें त्याला शक्य होतें. परंतु त्यानें पेटंट घेतलें नाहीं. १९०१ सालीं मिळालेल्या पदार्थविज्ञानाच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाची रक्कमहि त्यानें आपल्या विद्यापीठास देऊन टाकली.

पुढें पाऊण शतक रोग्याच्या अस्थींचें चित्र कांचेवर किंवा फिल्मवर उमटत असे. तें उजेडासमोर धरलें कीं कोणत्याहि डॉक्टरास वाचतां येई. यंत्र कोणत्या कारखान्याचें, हा प्रश्नच उद्भवत नसे. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयांत गॉडफ्रे हौन्सफील्ड याच्या यंत्रानें एका स्त्रीच्या मेंदूचें छेदचित्र घेतलें. हें चित्र संगणकानें आकड्यांतून घडविलें होतें. अशीं यंत्रें वाढलीं, तसा प्रत्येक कारखानदार ते आकडे स्वतःच्या सांकेतिक पद्धतीनें साठवूं लागला. एकाचें चित्र दुसऱ्याच्या यंत्रास वाचतां येईना. देह रोग्याचा, चित्र त्याच्या देहाचें, आणि किल्ली मात्र कारखानदाराच्या खिशांत!

यावर तोड काढण्यासाठीं १९८३ सालीं अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि विद्युत्-उपकरणें बनविणाऱ्यांचा संघ यांनीं संयुक्त समिति नेमली. तिनें ठरविलेली पहिली प्रमाणपद्धति १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. १९९३ पासून ती 'डायकॉम' या नांवानें ओळखली जाते. चित्र, रोग्याचें नांव आणि तपासणीची तारीख हीं एकत्र कशीं ठेवावीं, एका यंत्रानें दुसऱ्यास कशीं धाडावीं, याचे नियम तींत आहेत.

भाषा अशी एक झाली. तरी तीं चित्रें सांभाळणारें सॉफ्टवेअर बहुधा महागच राहिलें आणि त्याची घडण विक्रेत्याचें गुपित राहिली. बेल्जममधील लीएज येथील विद्यापीठ-रुग्णालयांत काम करणाऱ्या सेबास्तियाँ जोदोन्य यांनीं २०१२ सालीं 'ऑर्थँक' हें सॉफ्टवेअर सर्वांस खुलें केलें. तें चित्रें स्वीकारतें, साठवितें आणि साध्या ब्राउझरमध्येंहि दाखवितें. त्याची घडण कोणींहि पाहावी, सुधारावी. मात्र सुधारलेली प्रत दुसऱ्यास देतांना त्याच मोकळ्या अटींवर द्यावी, असा त्याचा परवाना आहे. या कार्याबद्दल अमेरिकेंतील 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' या संस्थेनें जोदोन्य यांस २०१४ सालचा पुरस्कार दिला.

खुलें म्हणजे बिनखर्चाचें, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. जाणता माणूस, चित्रांची दुसरी सुरक्षित प्रत आणि नित्य देखरेख यांस पैसा लागतोच. शिवाय खुली असावी ती सॉफ्टवेअरची घडण. रोग्याचीं चित्रें कडीकुलुपांतच राहिलीं पाहिजेत. हें पथ्य पाळलें, तर विक्रेत्याचा कारखाना उद्यां बंद पडला, तरी वीस वर्षांपूर्वींचें चित्र डॉक्टरास उघडतां येईल. राँटगेनानें जें धन सर्वांसाठीं मोकळें ठेवलें, तें मोकळें राखण्याचा हाच मार्ग आहे.