ग्रहांच्या पायऱ्या

विटेनबर्गचे प्राध्यापक टिटियस 1766 साली शार्ल बोने यांच्या फ्रेंच ग्रंथाचा जर्मन अनुवाद करत होते. करता करता त्यांनी मूळ मजकुरातच पदरचा एक परिच्छेद घुसडून दिला. सूर्य ते शनी अंतर 100 धरा. बुध 4 वर, शुक्र 4 अधिक 3, पृथ्वी 4 अधिक 6, मंगळ 4 अधिक 12, आणि पुढची 28 ची जागा रिकामी. खगोलशास्त्रज्ञ बोडेंनी 1772 मध्ये हा हिशेब उचलला, तोही टिटियसचं नाव न घेता. पुढे 1781 मध्ये युरेनस त्यात बसला, 1801 मध्ये पियाझींना रिकाम्या जागी सेरेस सापडला. 1846 मध्ये मात्र नेपच्यूनने सगळ्यावर पाणी फिरवलं: हिशेबाने हवा 388 वर, निघाला 301 वर.

पुढे सूर्यमालेचा नमुना अणूत शिरला. 1913 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोरने सांगितलं की इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षाच मोकळ्या, त्रिज्या 1, 4, 9, 16 या पटीत. हाच नियम उलट आभाळाला लावून बघायचा मोह होणारच!

तो नेटाने लावून पाहिला फ्रान्सच्या लोराँ नोताल यांनी, 1990 च्या दशकात. त्यांच्या मते दीर्घकाळात ग्रहांच्या कक्षा इतक्या बेभरवशाच्या होतात की त्यांना अणूतल्या कणांसाठीच्या श्रोडिंगरच्या समीकरणासारखं समीकरण लागू पडावं. त्यात अणूंच्या गणितातल्या प्लँकच्या स्थिरांकाऐवजी दुसरा स्थिरांक. कक्षेतला वेग म्हणजे सेकंदाला 144 किलोमीटर भागिले पूर्णांक. बुधाला 3 ने भागा: 48, प्रत्यक्षात 47.9. मंगळाला 6 ने: 24, प्रत्यक्षात 24.1. शुक्राला 4 ने भागून 36 येतात, आहेत 35. पृथ्वी एका किलोमीटरने चुकते. गुरूपासून पुढे मात्र 144 लाच 5 ने भागून नवी मोजणी सुरू करावी लागते. इथे माझा विश्वास डळमळतो. अशी सूट मिळाली तर काय बसणार नाही?

खरा प्लँक स्थिरांक वापरला, तर पृथ्वीची पायरी 75 अंकी क्रमांकाची निघते. शेजारच्या पायऱ्यांमधलं अंतर अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी बारीक. म्हणजे पायऱ्या नाहीतच, सरळ उतार आहे.

2018 मध्ये कॅलटेकच्या कॉन्स्टंटिन बातिगिन यांनी वेगळी वाट धरली. ताऱ्याभोवतीची चकती म्हणजे एकमेकींना ओढणाऱ्या असंख्य कड्या, असं धरून त्यांनी कड्या अमर्याद बारीक केल्या, आणि गणितातून श्रोडिंगरचं समीकरण आपसूक बाहेर पडलं. ते चकतीत संथपणे पसरणाऱ्या लाटांचं वर्णन करतं. कोणत्या ग्रहाने किती अंतरावर बसावं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.