लाल जोड्याचा लिलाव

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस माळा झाडायचा, हा आपल्या घरांतला जुना रिवाज. त्या दिवशी घरात हटकून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "काढा ते सगळे, द्या बोहारणीला!" आणि दुसरा, टाकायला काढलेल्या ढिगातले चार जिन्नस हळूच उचलून पुन्हा ट्रंकेत घालतो. आमच्याकडे हा दुसरा पक्ष माझ्या आत्याचा. तिने असे वाचवलेल्या वस्तूंत एक स्वाक्षरीवही होती. निळ्या कापडी पुठ्ठ्याची, फिकट गुलाबी आणि पोपटी पानांची. तिच्यात एका गाजलेल्या नटीचे, टपालाने आलेले, सही केलेले छायाचित्र चिकटवले होते. ही सही बाईंची स्वतःची की त्यांच्या कारकुनाची, यावर आम्हा मुलांत दर दिवाळीला वाद होई. आत्या मात्र ठामपणे म्हणे, "माझ्या पत्राला तिनेच उत्तर दिलंय. तुम्हाला काय कळतंय?"

आत्याची श्रद्धा मोडण्याची माझी छाती तेव्हा झाली नाही. पण पुढे अमेरिकेतील चित्रपटसृष्टीचा इतिहास वाचताना कळले, की आमचा संशय अगदीच पोरकट नव्हता. मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली 'मेट्रो' कंपनी. तिची एक लाडकी तारका होती जीन हार्लो. तिची सही मिळावी म्हणून पत्रांचे ढीग येत आणि त्यांना सही केलेली छायाचित्रे जातही. मात्र त्यांतल्या बहुतेक सह्या केल्या होत्या तिच्या आईने! हार्लो १९३७ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. साहजिकच तिची खरी सही दुर्मीळ झाली. आज जाणते संग्राहक भिंग घेऊन बसतात, अक्षरांची वळणे तपासतात आणि 'आईची सही' असे ठरले, की तिची किंमत धाडकन खाली आणतात.

स्वाक्षरीला दाम असतो हे आपल्याला नवीन नाही. गांधीजी सहीचे पाच रुपये मोजून घेत आणि हरिजन निधीत जमा करत. तेथे देणारा समोर, घेणारा समोर. लबाडीला जागाच नाही. बाजारात मात्र देणारा कधीच परलोकी गेलेला असतो आणि सही तेवढी हातोहात फिरते. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात खोट्या सह्यांचा एक कारखानाच पकडला गेला. त्या मालात बेसबॉलच्या एका चेंडूवर चक्क मदर तेरेसांची सही होती! बनवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी, की विकत घेणाऱ्याच्या भाबडेपणाला, हे तुम्हीच ठरवा.

पण सहीची गोष्ट मी सांगतो आहे ती प्रस्तावनेपुरती. खरी गोष्ट आहे ती याच मेट्रो कंपनीने आपला माळा झाडला त्याची.

१९६९ साली ही कंपनी कर्क कर्कोरियन नावाच्या धनिकाच्या ताब्यात गेली. नव्या मालकांना चित्रपटांपेक्षा जमीन आणि रोकड अधिक प्रिय होती. कल्व्हर सिटीतल्या त्या विस्तीर्ण आवारात चार-साडेचार दशकांचे सामान कोंबलेले होते: राजेरजवाड्यांचे झगे, तलवारी, झुंबरे, रथ, सिंहासने. त्याची गोदामे म्हणजे नुसती अडगळ. डेव्हिड वाइझ नावाच्या लिलाववाल्याला ते सारे ठोक विकून टाकले गेले आणि ३ मे १९७० पासून अठरा दिवस त्या आवारातच हातोडा आपटत राहिला. वाइसम्युलरने टारझन म्हणून नेसलेले लंगोट, 'शो बोट' चित्रपटातली आगबोट, 'टाइम मशीन' मधले यंत्र, सगळे एका रांगेत. कोणी हौसेने घेतले, कोणी हॉटेलात मांडायला, कोणी केवळ शेजाऱ्याने बोली वाढवली म्हणून.

जे विकण्याजोगे वाटले नाही, त्याची गत याहून वाईट झाली. त्याच सुमारास कंपनीच्या संगीत विभागातील स्वरलिप्या, म्हणजे एकेका वाद्याने काय वाजवायचे याची सबंध हस्तलिखिते, कचरा म्हणून बाहेर काढण्यात आली आणि जमिनीच्या भरावात गाडली गेली. ज्या गाण्यांवर निम्मे जग डोलले, त्यांचे कागद मातीखाली गेले. पुढे जॉन विल्सनसारख्या संगीतकारांना जुन्या चित्रपटांतले संगीत पुन्हा वाजवायचे झाले, तेव्हा कान लावून ऐकत ऐकत एकेक स्वर नव्याने लिहून काढावा लागला.

या झाडलोटीत एक तरुण मनुष्य कामाला लावला होता. त्याचे नाव केंट वॉर्नर. पोशाखांच्या गोदामांतून लिलावाचा माल निवडायचा, हे त्याचे काम. त्याला जुन्या चित्रपटांचे अक्षरशः वेड होते, आणि त्या अडगळीत त्याची नजर शोधत होती ती एकच वस्तू. १९३९ सालच्या 'विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात ज्यूडी गार्लंडने घातलेले लाल बूट! फ्रँक बाउमच्या मूळ १९०० सालच्या पुस्तकात हे बूट रुपेरी आहेत. पण चित्रपट रंगीत; रंगाची नवलाई दाखवायची तर रुपेरी रंग काय कामाचा? म्हणून ते माणकांचे लाल झाले. माणके म्हणायला हो. खरे पाहता साध्या बुटांवर जाळीचे कापड आणि त्यावर हजारो लाल टिकल्या, पुढे एक काचमण्यांचा बो. नाचताना खटखट होऊ नये म्हणून काहींच्या तळव्यांना नमदा लावलेला. वॉर्नरला ते सापडले आणि तेही एक नव्हे, अनेक जोड. कारण चित्रीकरणासाठी एका जोडावर कधीच भागत नाही.

आता इथे त्याची खरी परीक्षा होती. त्याने कंपनीला एकच जोड दिला आणि बाकीचे गुपचूप आपल्याकडे ठेवले. लिलावात तो 'एकमेव' म्हणून मांडला गेला. १७ मे १९७० रोजी त्यावर १५,००० डॉलरांवर हातोडा पडला. त्या काळच्या हिशेबाने सव्वा लाख रुपयांच्या आतबाहेरची रक्कम, एका टिकल्यांच्या जोड्यासाठी! ज्यूडी गार्लंडला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. घेणाऱ्याने आपले नाव सांगितले नाही. १९७९ साली नाव न सांगताच तो जोड वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देण्यात आला.

लिलावाची बातमी वर्तमानपत्रांत झळकली, आणि टेनेसीतली एक बाई म्हणाली, "एकमेव कसला? माझ्याकडे आहे की एक जोड! १९४० साली स्पर्धेत बक्षीस मिळाला होता." झाले, 'एकमेव'पणाचा फुगा फुटला. तिचा तो जोड १९८८ साली क्रिस्टीच्या लिलावात १,६५,००० डॉलरला गेला. वॉर्नरने आपल्याकडचा एक जोड एका संग्राहकाला विकला होता. त्याचे पुढे काय झाले ते सांगणारच आहे.

वॉर्नरला चोर म्हणावे की रक्षक? कायद्याने पाहू जाता पहिले. पण त्याच्या मालकांनी स्वरलिप्यांचे काय केले ते आठवले, की माझी जीभ जरा अडखळते.

या लिलावात एक अभिनेत्री रोज हजर असे. डेबी रेनॉल्ड्स, 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) मधली हसरी मुलगी. याच कंपनीत ती लहानाची मोठी झाली होती. तिने कर्ज काढले आणि पोशाख घेत सुटली. तिला ते अंगावर घालायचे नव्हते, विकायचेही नव्हते; तिला संग्रहालय उभारायचे होते. पुढची चाळीस वर्षे ती बाई त्या एका ध्यासामागे धावली. लास व्हेगासला हॉटेल काढून त्यात संग्रह मांडला, तर १९९७ साली दिवाळे निघाले. हॉलिवूडमधल्या बड्यांकडे खेटे घातले, पण कोणाला जागा नव्हती, कोणाला वेळ नव्हता. अखेर जून २०११ मध्ये तिने स्वतःच आपला संग्रह लिलावात उभा केला. मेरिलिन मन्रोचा तो वाऱ्याने उडणारा पांढरा झगा ४६ लाख डॉलरला गेला. वर लिलाववाल्याची दस्तुरी मिळून रक्कम ५५ लाखांच्या पुढे गेली. वर्तमानपत्रांनी आकडे मोठ्या टायपात छापले. तिचे संग्रहालय मात्र राहूनच गेले. २०१६ च्या डिसेंबरात, मुलगी कॅरी फिशर वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, डेबी गेली. लॉस एंजेलिसमध्ये अकादमीचे संग्रहालय उघडले ते २०२१ साली.

पैसेवाल्यांच्या हौसेला हसणे सोपे आहे. पण आपल्याकडे पाहावे, तर ही हौस करणारेही फार नव्हते. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले; त्यांतले पुरते-अपुरे मिळून तीसही हाती नाहीत. जुन्या फितींत चांदी असते. ती काढून घ्यावी आणि उरलेले फेकावे, हाच तेव्हाचा व्यवहार. पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' (१९३१); त्याची एकही प्रत आज नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर नावाच्या गृहस्थांनी गावोगाव फिरून, गोदामे धुंडाळून, मिळेल तो तुकडा गोळा केला. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' मधली त्यांची चिमुरडी मंदाकिनी, बालकृष्ण होऊन पाण्यात उडी घेणारी, आज आपल्याला दिसते, ती अशा कोणी तरी तुकडे जपले म्हणून. ती फीत कोणी लिलावात मांडली असती, तर निदान तिला किंमत आहे एवढे तरी लोकांना कळले असते, असे कधी कधी वाटते.

असो. त्या दुसऱ्या जोड्याकडे वळू.

ज्या संग्राहकाने तो घेतला होता, तो ठिकठिकाणच्या प्रदर्शनांना जोड उसना देई. २००५ च्या ऑगस्टमध्ये तो मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्स या गावी, ज्यूडीच्या जन्मगावच्या संग्रहालयात होता. एका रात्री कोणी तरी दाराची आणि पेटीची काच फोडून तो पळवला. मागे राहिली ती एक लाल टिकली. चोराने हा चित्रपट कधी पाहिलाच नव्हता. ती माणके खरी असतील, या समजाने त्याने हातोडा चालवला होता. चोरीचा माल घेणाऱ्याने 'हे तर काच!' म्हणताच त्याने दोनच दिवसांत त्या बुटांवरून हात झटकले. तेरा वर्षांनी, २०१८ साली, एफ. बी. आय. ने सापळा लावून जोड हस्तगत केला आणि खरेखोटे पडताळण्यासाठी स्मिथसोनियनकडे नेला.

तेथल्या तज्ज्ञांना त्यांच्याकडच्या जोडाविषयी एक कोडे फार दिवस पडले होते. त्याचा डावा आणि उजवा बूट थोडे वेगळे. बो सारखे नाहीत, टाचा सारख्या नाहीत. आता हे चारही बूट एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. आणि ध्यानात आले की एकाचा डावा दुसऱ्याच्या उजव्याशी तंतोतंत जुळतो! फार पूर्वी केव्हा तरी जोड्यांची अदलाबदल झाली होती. १९७० पासून दोन्ही घरांत विजोड बूट एकमेकांचे म्हणून नांदत होते.

त्यानंतर विम्याचा हिशेब मिटला, जोड मूळ मालकाला मिळाला, आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी डॅलस येथे त्यावर पुन्हा हातोडा पडला: २ कोटी ८० लाख डॉलर. दस्तुरी धरून ३ कोटी २५ लाख, म्हणजे आपले पावणेतीनशे कोटी रुपये. चोराने टाकून दिलेल्या काचेची ही बोली.

बूट मात्र बदलून घेतले गेले नाहीत. एक डावा वॉशिंग्टनला राहिला, आणि त्याचा उजवा नव्या मालकाच्या घरी गेला.