ताबा घेण्याआधीचे तीन महिने

आपल्या सोसायटीची नोंदणी २००१ सालची. फ्लॅटच्या चाव्या त्याआधीच, दिवाळीला मिळाल्या होत्या. पण चावी मिळणं वेगळं आणि इमारत ताब्यात घेणं वेगळं. पंप, टाक्या, लिफ्ट, मीटर रूम, आगीची पाइपलाइन हे सगळं बिल्डरकडून सोसायटीकडे यायचं होतं. नव्या सभासदांना हे ठाऊक नसणार, म्हणून लिहितो.

बिल्डरने पत्र टाइप करूनच आणलं होतं. सर्व सुविधा चालू स्थितीत मिळाल्या, तक्रार नाही; खाली तीन सह्यांची जागा. पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र आलंय, आता काय बघायचं राहिलं, असं आपल्यातल्याही बऱ्याच जणांचं म्हणणं. ते प्रमाणपत्र सांगतं की बांधकाम मंजुरीप्रमाणे झालंय, राहायला हरकत नाही. पण दुसरा पंप सुरू होतो का, हे कोण सांगणार? मी तेव्हा बँकेत होतो. गोडाऊन तपासायला गेलो की स्टॉक स्टेटमेंट हातात धरून पोती मोजायची, ही आमची सवय. इथेही मोजू म्हटलं. २६ जानेवारीला भूजचा भूकंप झाला होता, अहमदाबादेत पडलेल्या बहुमजली इमारती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या. म्हणून ठराव पास झाला, नाहीतर कठीण होतं.

सही लांबली तशी बिल्डरने पंपावरचा माणूस काढून घेतला. मग तीन महिने पाळ्या लावून आपणच पंप चालवला. वहिनींनी सुद्धा पाळ्या केल्या. बोलणीही भरपूर खाल्ली. ‘तुमच्या तपासण्यांपायी आम्ही बादल्या वाहायच्या का?’ असं एका आजोबांनी जिन्यात सुनावलं होतं.

लिफ्टमध्ये पाटी होती, ६ व्यक्ती, ४०८ किलो. माणशी ६८ किलो असा तो हिशेब. कंपनीच्या मेकॅनिकला उभं करून सिमेंटच्या ५० किलोच्या आठ गोण्या आत ठेवल्या. रिकामी लिफ्ट बरोबर थांबायची, ती भरल्यावर उतरताना मजल्याच्या चांगली चार बोटं खाली जाऊन थांबली. अंधारात म्हाताऱ्या माणसाला तोंडावर पाडायला तेवढं पुरे. ब्रेक दोनदा जुळवून घेतला, दोन्ही वेळा पुन्हा गोण्या भरल्या.

टाक्या भरून, व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण केली आणि चोवीस तास हात लावला नाही. वरची टाकी ठीक निघाली. खालची वीतभर उतरली. जिथून पाणी बाहेर जातं तिथून बाहेरचं आतही येतं, आणि ड्रेनेजचा चेंबर दहा फुटांवर होता! हे कळल्यावर आजोबांची तक्रार थांबली.

पण खरा धक्का सातव्या मजल्यावर बसला. आगीची पाइपलाइन गच्चीवरच्या टाकीतून खाली येते. टाकी डोक्याशीच, म्हणून वरच्या मजल्यांना नुसत्या उताराने जोर मिळत नाही, त्यासाठी बूस्टर पंप लागतो. होज जोडून व्हॉल्व्ह उघडला तर नुसती धार, बागेला घालतात तशी. वर जाऊन पाहिलं. पंप बसवलेला होता, झकास लाल रंगही दिलेला होता, पण वायर जोडलेलीच नव्हती. पत्रावर सही झाली असती तर तो पंपही ‘चालू स्थितीत’ मिळाला असता.

१९६३ च्या मोफा कायद्यात ताब्यापासून तीन वर्षांत दाखवलेले दोष बिल्डरने दुरुस्त करून द्यायचे, अशी तरतूद आहे. रेरात ही मुदत आता पाच वर्षांची झाली. पण दोष दाखवायचा तर आधी तो सापडायला हवा, आणि ‘तक्रार नाही’वर सही करून मग भांडत बसणं मला बँकेतल्या अनुभवाने पटत नव्हतं. शेवटी सही केली ती दीड पानाची यादी जोडून, प्रत्येक बाबीपुढे तारीख घालून. पंपाची वायर आठवड्यात जोडली गेली. टाकीला आतून पुन्हा वॉटरप्रूफिंग झालं, पुन्हा भरून पाहिली, पाणी उतरलं नाही. गच्चीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्याला मात्र पुढचा पावसाळा उजाडला. ती यादी ऑफिसच्या कपाटात निळ्या फायलीत आहे, टिपणं माझ्या हातची आहेत.