डाउन, अप आणि घाटवाट : बेळगाव-निपाणी भागातील इंग्रजीच्या शिकवणीचा एक धागा

हालचालीचे वर्णन करताना इंग्रजी भाषा क्रियापदामागोमाग बहुधा दोन लहान शब्द ठेवते. पहिला दिशा सांगतो: अप, डाउन, इन, आउट, बॅक. दुसरा त्या हालचालीचा ठिकाणाशी संबंध जोडतो: टू, फ्रॉम, ऑफ. ‘ही वेंट डाउन टू वेंगुर्ला’ या वाक्यात ‘डाउन’ क्रियाविशेषणाचे काम करतो आणि ‘टू’ वेंगुर्ल्याला धरून राहतो. ठिकाण गाळले तरी ‘ही वेंट डाउन’ हे वाक्य पुरे होते. ‘ही वेंट टू’ मात्र अधांतरी राहते. बेळगाव आणि निपाणी भागातील मराठी मुलांनी ही जोडी कशी आत्मसात केली, यात तिथल्या शाळांच्या, रस्त्यांच्या आणि सरहद्दीच्या इतिहासाचा मोठा वाटा आहे.

हा मुलूख सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. पश्चिमेला घाट उतरला की तळकोकण आणि गोवा. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून बेळगावला येण्याचा एक रुळलेला मार्ग समुद्रातून होता: जहाजाने वेंगुर्ल्यापर्यंत, तिथून आधी रामघाटाने आणि पुढच्या काळात आंबोलीच्या रस्त्याने वर. देशावरचा माल याच वाटांनी खाली बंदरात जाई आणि मीठ, नारळ, मासळी वर येई. ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे इथल्या बोलण्यातले नेहमीचे शब्द. त्यामुळे ‘डाउन टू’ आणि ‘अप फ्रॉम’ यांमागचा अनुभव इथल्या मुलांना कोणी समजावून द्यावा लागला नाही. अडचण होती ती तो अनुभव इंग्रजीच्या क्रमात बसवण्याची.

१८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती टॉमस मन्रो याच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे गावाशेजारी छावणी वसली. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले. मिशनच्या १८३२ च्या शाळेतून पुढे बेनन-स्मिथ हायस्कूल उभे राहिले. १८३६ मध्ये बेळगाव हा धारवाडपासून वेगळा जिल्हा झाला. १८३९ मध्ये निपाणीचे संस्थान खालसा होऊन तोही भाग कंपनी सरकारकडे गेला. त्या काळी जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत शिकवण्याची भाषा मोठ्या प्रमाणात मराठी होती. १८६० च्या दशकात शिक्षण खात्यातले अधिकारी डेप्युटी चन्नबसप्पा यांच्या प्रयत्नांनी कन्नड शाळांना बळ मिळाले. कन्नड मुलांना मराठीच्या आडून शिकावे लागत होते, तेव्हा हा बदल न्याय्यच होता.

इंग्रजी शिकण्याची साधनेही याच दशकांत तयार झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे. शब्दांच्या जाती पाडताना दादोबांसमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. क्रियाविशेषण अव्यय आणि शब्दयोगी अव्यय ही विभागणी मराठी व्याकरणात स्थिरावली, आणि मो. के. दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त तिची बारकाईने छाननी झाली. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना ही विभागणी फार उपयोगी पडण्याजोगी होती. ‘तो वर गेला’ यात ‘वर’ स्वतंत्र उभा आहे; ‘तो माडीवर गेला’ यात तोच शब्द नामाला चिकटला आहे. इंग्रजीतही ‘ही वेंट अप’ आणि ‘ही वेंट अप द हिल’ यांत नेमका हाच फरक पडतो. खाली, आत, बाहेर, पुढे, मागे हे सगळे शब्द मराठीत अशी दुहेरी कामे करतात.

क्रम मात्र उलटा. ‘माडीवरून खाली आला’ या वाक्यात आधी ठिकाण, मग त्याला जोडलेले अव्यय, मग दिशा आणि शेवटी क्रियापद. ‘केम डाउन फ्रॉम द लॉफ्ट’ मध्ये पहिले क्रियापद, मग दिशा, मग जोडणारा शब्द, आणि ठिकाण सर्वांत शेवटी. चारही घटक तेच, पण आरशातल्यासारखे उलटलेले. सीमाभागातल्या मुलाच्या कानावर येणारी कन्नडही मराठीच्याच बाजूने उभी राहते. ‘महडियिंद केळगे बंद’: माडीवरून, खाली, आला. आर्य आणि द्राविड अशा दोन वेगळ्या कुळांतल्या या भाषा शेकडो वर्षांच्या शेजाराने वाक्यरचनेत किती जवळ आल्या आहेत, हे इथे उघड दिसते. म्हणून घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या क्रमासाठी दुसऱ्या भाषेचा आधार मिळत नसे. दोन्ही भाषा त्याला एकाच दिशेला ओढत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे कितीतरी वर्षे इंग्रजी शिकवण्याची मुख्य रीत भाषांतराची होती. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर मराठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करता करता उलटा क्रम हाडीमाशी खिळे, हे या रीतीचे मोठे यश. तिची उणीव वेगळ्या जागी होती. मराठीत दिशा पुष्कळदा क्रियापदाच्याच पोटात असते: चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे. ‘घाट उतरला’ या दोन शब्दांत सगळे येते. भाषांतर करणारा विद्यार्थी मग एका क्रियापदासाठी एकच क्रियापद शोधतो आणि ‘डिसेंडेड’, ‘असेंडेड’, ‘एंटर्ड’ असे भारदस्त शब्द लिहितो. बोलताना इंग्रज माणूस बहुधा ‘केम डाउन’, ‘वेंट अप’, ‘गॉट इन’ म्हणतो. जुन्या पिढीच्या इंग्रजीला जो पुस्तकी घाट आहे त्याचे एक कारण इथे सापडते. त्यात अज्ञान नव्हते. मराठीच्या नेमकेपणाशी इमान राखण्याची धडपड होती.

हालचालीची रीत सांगण्याची तऱ्हाही दोन भाषांत निराळी. ‘पळत बाहेर आला’ यात पळणे कृदंतात जाते आणि येणे मुख्य क्रियापद होते. इंग्रजी ‘रॅन आउट ऑफ द हाउस’ म्हणून पळण्यालाच मुख्य जागा देते आणि बाहेर येण्याचे सगळे ओझे ‘आउट ऑफ’वर टाकते. लेनर्ड टॅल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये भाषांची अशी वर्गवारी नीट मांडली. वर्गातल्या फळ्यापर्यंत ती फारशी पोचली नाही, ही खेदाची गोष्ट. एवढा एक भेद समजला असता तर मुलांचे पुष्कळ कष्ट वाचले असते.

१८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोचली आणि इंग्रजीचे हे शब्द पुस्तकाबाहेर आले. अप गाडी, डाउन गाडी हे शब्द ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते त्यांच्याही तोंडी बसले. पुढे त्यातूनच ‘अप-डाउन करणे’ हे मराठी क्रियापद घडले. त्यात चढ-उताराचा संबंध उरला नाही. नोकरीसाठी किंवा कॉलेजसाठी रोज जाऊन-येऊन राहणे एवढाच अर्थ राहिला. निपाणीला रेल्वे नाही, तरी तिथली माणसे तवंदीचा घाट ओलांडून एसटीने अप-डाउन करतात.

स्वातंत्र्यानंतर शिकवण्याची रीत पालटू लागली. इंग्रज कोशकार ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात वाक्यांचे साचे मांडताना या दिशादर्शक शब्दांना क्रियापदांच्या बरोबरीने स्थान दिले. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली आणि भाषांतराऐवजी साच्यांच्या सरावावर भर आला. शिक्षकाने दारातून आत यावे, बाहेर जावे, आणि मुलांनी ते वाक्य म्हणावे, ही पद्धत या शब्दांसाठी भाषांतरापेक्षा सरस आहे, कारण दिशा डोळ्यांना दिसते.

याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मराठी शाळांना अभ्यासक्रम, परीक्षा मंडळ, शिक्षकांचे प्रशिक्षण, सगळेच नव्या राज्याच्या चौकटीत जुळवावे लागले, आणि मराठी मुलाच्या वाट्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा आल्या. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीतून तिथे शिकायला जाणारी मुले घरून निघून थोड्याच अंतरावर राज्य ओलांडतात आणि संध्याकाळी परत येतात. ‘आउट ऑफ’, ‘ओव्हर टू’ आणि ‘बॅक फ्रॉम’ या तिन्ही जोड्या त्यांच्या एका दिवसात बसतात.